ट्रेकआधी हलका व्यायाम केला तर मांड्या कमी दुखतात का?

राजगड उतरून आल्यावर तीन दिवस जिना उतरता येत नव्हता, आता पुढच्या महिन्यात कळसूबाई आहे, तर आधी हलका व्यायाम करून फायदा होईल का, शिवाय अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय. व्यायामाचा फायदा होतो, चांगलाच होतो. फक्त तो चढण्याचा नको, उतरण्याचा हवा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि दरवर्षी पावसाळ्यात हेच दुखणं घेऊन लोक येतात. चढताना दम लागतो म्हणून सगळे दमसासाची तयारी करतात. मांड्या दुखावतात त्या उतरताना. प्रत्येक पायरीला गुडघा वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच अख्ख्या शरीराचा भार रोखून धरतो. या ओढाताणीत स्नायूतंतूंची आतली वीण जागोजागी उसवते. लॅक्टिक ॲसिड साचलं म्हणून दुखतं असं सर्रास सांगतात, पण ते तास-दीड तासात निघून जातं. रविवारी गड उतरल्यावर मंगळवारी जे दुखतं, ते त्याच्यामुळे नाही.

उसवलेल्या जागी पांढऱ्या पेशी धावून येतात आणि मोडतोड साफ करताना ऑक्सिजनचे तिखट, क्रियाशील रेणू सोडतात. म्हणून या प्रकारच्या श्रमानंतर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे या रेणूंचा शरीरावर पडणारा ताण, पुढचे दोन-तीन दिवस वाढत राहतो. इजाच कमी झाली तर ही सफाईही कमी लागते. ग्रीसमधल्या संशोधकांनी २००७ साली हेच दाखवलं: तोच व्यायाम तीन आठवड्यांनी पुन्हा करून घेतला, तर दुसऱ्या वेळी इजा आणि रक्तातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस दोन्ही कमी.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. पहिल्या वेळी दुखावं लागतंच असं नाही. स्नायूंच्या अशाच इजेवर संशोधन करणारे काझुनोरी नोसाका यांच्या प्रयोगांत दंडाच्या स्नायूला पूर्ण ताकदीच्या फक्त १० टक्के भार दिला, आणि तेवढ्यावर दोन दिवसांनंतरच्या जड व्यायामातली इजा कमी झाली. मात्र हलक्या व्यायामाचं हे कवच लवकर विरतं. जड व्यायामाचं काही महिने टिकू शकतं. त्यामुळे आज एकदा करून महिनाभर थांबू नका. शेवटच्या दोन आठवड्यांत करा.

माझ्या मावशीला, वय ५८, मी असंच तयार केलं होतं. लिफ्टने सहाव्या मजल्यावर जायचं आणि जिन्याने खाली यायचं. पहिल्या दिवशी दोनच फेऱ्या, मग एक दिवस सोडून तीन, मग चार. कठड्यावर भार टाकायचा नाही आणि पाऊल धप्पकन पडू द्यायचं नाही. मी खाली उभी राहून नुसता आवाज ऐकायचे. तिसऱ्या फेरीला चपलेचा आवाज वाढला की समजायचं, मांडी थकली, आज बास. शेवटचा सराव ट्रेकच्या तीन दिवस आधी. कळसूबाईच्या शिड्या ती सावकाश उतरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी पाटावर बसून पूजा करत होती. पोटऱ्या थोड्या भरून आल्या होत्या, एवढंच.

अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे ते तिखट रेणू शमवणाऱ्या क, ई जीवनसत्त्वांसारख्या गोळ्यांचं म्हणाल तर घेऊ नका. जर्मनीत २००९ साली तरुणांना चार आठवडे व्यायामासोबत रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि जोडीला ई दिलं, तेव्हा रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला शरीराचा मिळणारा प्रतिसाद व्यायामाने जो सुधारतो, ती सुधारणाच अडली. ते तिखट रेणू शरीराला ‘आता तयारीला लाग’ असा निरोपही देत असतात. तो मध्येच अडवायचा कशाला? आवळा, पेरू, संत्री खुशाल खा.

दुखणं चार-पाच दिवसांत ओसरायला हवं. पाय खूप सुजले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर वेदनाशामक घेऊन घरी पडून राहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उसवलेल्या स्नायूतली प्रथिनं मूत्रपिंडात अडकत असण्याची ती खूण असू शकते.