चिंगीला आता मांडीवरून खाली ठेव

बाळा,

मेसेज मिळाला. तुझ्या छोट्या कुत्रीचा, चिंगीचा, पुढचा पाय खांद्यापासून काढावा लागला, ऑपरेशन नीट झालं, ती घरी आलीये, रात्री कण्हते आणि तू तिला मांडीवरून खाली ठेवतच नाहीयेस, सगळं वाचलं. रडू येतंय तर रडून घे, त्यात काही वावगं नाही. पण मांडीबद्दल मात्र मला तुझ्याशी जरा स्पष्टच बोलायचंय.

मोठं कुत्रं असतं ना, लॅब्रेडॉर वगैरे, त्याला उचलून फिरवणं कुणाला झेपत नाही, त्यामुळे ते बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत धडपडत का होईना उभं राहतं आणि चालायला लागतं. लहान कुत्र्याचं उलटं होतं. चार-पाच किलोचा जीव, एका हातात मावतो, म्हणून आपण शूला उचलून नेतो, जेवायला उचलून नेतो, सोफ्यावर उचलून बसवतो आणि मग महिन्याभराने म्हणतो की हिला चालायला जमतच नाही. जमणार कसं? उरलेल्या पायांत आणि पोटापाठीच्या स्नायूंत ताकद वापरल्याशिवाय येत नाही, आणि तोल सांभाळायचा तो तिलाच शिकायचाय, तुझ्या हातांनी तो शिकता येत नाही. म्हणून आजपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत तिची तिला जाऊ दे. तू बाजूला बस, हात जवळ ठेव, पण लावू नकोस. अडखळेल, हनुवटी टेकेल, परत उठेल. ते बघवत नाही हे मला माहितीये, तरी बघ.

याचा अर्थ तिला पळवायचं असा नाही हं. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात, तोपर्यंत घरातल्या घरात आणि शी-शूपुरतं पट्टा लावून, बस. उड्या नाहीत, जिने नाहीत, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती नाही. गळ्यातला कोन, म्हणजे ती शंकूसारखी कॉलर, तिला आवडणार नाही, तरी काढायचा नाही, कारण टाके चाटून उसवायला तिला पाच मिनिटं पुरतात.

कण्हण्याचं म्हणशील तर अंदाज करत बसू नकोस. सुरुवातीच्या रात्री कुत्री दुखतंय म्हणूनही कण्हतात आणि जोरदार पेनकिलरच्या गुंगीत गोंधळूनही कण्हतात, आपल्याला फरक कळेलच असं नाही. मोबाईलवर व्हिडिओ काढ आणि डॉक्टरांना पाठव. गोळी घड्याळ लावून दे, ती रडायची वाट बघू नकोस, दुखणं एकदा चढलं की उतरवायला फार वेळ लागतो. आणि घरातली माणसांची गोळी, आयबुप्रोफेन असो की पॅरासिटामॉल, अर्धी पाव काही म्हणजे काही देऊ नकोस, त्याने कुत्र्याचं पोट, किडनी, लिव्हर जाऊ शकतं. पुढे कधी ती एकदम किंचाळून पाय होता त्या बाजूला वळून बघायला लागली तर तेही सांग, नसांच्या दुखण्यावर वेगळी औषधं असतात, डॉक्टर ठरवतील. दोन-तीन दिवस शी झाली नाही तर घाबरू नकोस, औषधांनी आणि कमी खाण्याने तसं होतं. जखमेभोवती काळंनिळं होतं, थोडी सूजही येते. पण लाली पसरतेय, पू येतोय, वास येतोय किंवा टाका सुटलाय असं दिसलं तर त्याच दिवशी दाखव.

आता फरशी. गुळगुळीत फरशी हा तिचा खरा शत्रू. एकदा जोरात घसरली की कुत्रं घाबरतं आणि मग उठायलाच बघत नाही, आणि आपल्याला वाटतं की हिने हाय खाल्ली. तिच्या अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत खालून रबर असलेल्या मॅट किंवा योगा मॅट सलग टाक, मध्ये फट ठेवू नकोस, नेमकी तिथेच घसरते. पंजाच्या गाद्यांमधले केस कापून घे, नखंही, केस वाढले की मॅटवरसुद्धा पाय धरत नाही.

पुढचा पाय गेलाय हे लक्षात ठेव, मागचा जाण्यापेक्षा हे जड असतं. कुत्र्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, आता तिथे एकच उरलाय. उभी राहिली की बघ, तो पाय हळूहळू छातीच्या मधोमध यायला लागेल, ते बरोबर आहे, तोल तसाच साधतो. म्हणून जेवणाचं भांडं छातीच्या उंचीला आण म्हणजे वाकून पडायला नको. सोफ्यावरून उडी तर कायमची बंद, सगळा भार त्या एका मनगटावर येतो, त्याऐवजी उताराची फळी लाव. चघळायचं खेळणं आता तिला दोन पंजांत धरता येणार नाही, ते तू धर, या गोष्टीत लाड चालतील. आणि उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, काखेत धरून लटकवायचं नाही.

टाके निघाले आणि डॉक्टर हो म्हणाले की एक साधा व्यायाम सुरू कर. तिला मॅटवर उभी कर, नाकासमोर खाऊचा छोटा तुकडा धर आणि हात अगदी सावकाश एका बाजूला ने, इतका सावकाश की तिने पाय न हलवता फक्त मान वळवावी. तेव्हा तिच्या खांद्याकडे बघ, स्नायू थरथरताना दिसेल. तेवढं झालं की खाऊ दे आणि थांब. दोन्ही बाजूंना थोडं थोडं, दिवसातून दोनदा पुरे. फिरणंही तसंच, एकदाच लांब नेण्यापेक्षा पाच-पाच मिनिटं तीन-चारदा. तीन पायांवर टणाटण पळणं सोपं आणि हळू चालणं अवघड असतं, त्यामुळे ती पळायलाच बघेल, तू पट्टा आखूड धर. डोकं प्रत्येक पावलाला जास्त खाली जायला लागलं किंवा मध्येच बसली की दमलीये, ओढू नकोस, तेव्हा खुशाल उचलून घरी आण.

वजनाबाबत मी कडक आहे. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. व्यायामाचा खाऊ जेवणातून वजा कर, आणि बिच्चारी म्हणत तिला भरवणाऱ्या पाहुण्यांना तूच थांबव, कुणाला राग आला तर येऊ दे.

टाके काढायला जाशील तेव्हा उरलेलं मनगट, मागचे गुडघे आणि पाठ नीट तपासून घे, लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकायचा त्रास पुष्कळ असतो आणि तीन पायांवर तो अंगावर काढता येत नाही. प्राण्यांची फिजिओथेरपी कुणी करतं का तेही तिथेच विचार. आणि मला तिच्या चालण्याचे दोन व्हिडिओ पाठव, एक समोरून, एक बाजूने, मोबाईल तिच्या उंचीला खाली धरून काढ, वरून काढलेल्यात पाय कसा पडतो ते दिसत नाही.

तुझी,
मावशी