पिक्चर कोण लावणार, हे आधी ठरव

चि. पटकथाकारबाई,
अनेक आशीर्वाद.

तुझी संहिता वाचली. टँकरच्या ठरावावरून जिल्हा परिषदेत जी जुंपते, तिथे मी एकटाच मोठ्याने हसत बसलो होतो. लिहितेस छान, त्यात वाद नाही. पण सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंस, ‘पक्ष काल्पनिक, चिन्ह काल्पनिक, जिल्हाही काल्पनिक; मग सेन्सॉरची कटकट होणार नाही ना?’ सेन्सॉरची होणार नाही बहुतेक. पण माझं सगळं आयुष्य वितरणात गेलं. मला काळजी सेन्सॉरची नाही, सर्टिफिकेट हातात पडल्यानंतरची आहे.

म्हणून तुला एका मेक्सिकन पिक्चरची हकीगत सांगतो. ‘ला ले दे एरोदेस’, म्हणजे ‘हेरोदचा कायदा’. दिग्दर्शक लुईस एस्त्रादा, साल 1999. मिळवून बघच. सबटायटल्स असतील तर भाषेचं अडत नाही, कारण त्यातली माणसं तुझ्या पूर्ण ओळखीची आहेत.

गोष्ट 1949 सालची. मिगेल आलेमान राष्ट्राध्यक्ष आहेत आणि देशात एकाच पक्षाचं राज्य आहे. सान पेद्रो दे लोस साग्वारोस नावाच्या आडगावाच्या महापौराचं डोकं गावकऱ्यांनीच उडवलंय. निवडणूक तोंडावर आलेली, बोभाटा नको, म्हणून पक्षाला तिथे बसवायला एक निरुपद्रवी माणूस हवा असतो. सापडतो हुआन वार्गास. कचऱ्याच्या डेपोवरचा साधा माणूस, पक्षाचा जुना निष्ठावंत, कधी काही न मागितलेला. दामिआन अल्कासारने हा माणूस असा उभा केलाय की पहिला अर्धा तास आपण त्याच्याच बाजूने असतो. गावात शाळा आणू, वीज आणू, असं तो मनापासून म्हणतो. ‘आधुनिकता आणि सामाजिक न्याय’ हे पक्षाचं वाक्य त्याला तोंडपाठ आहे, आणि मुख्य म्हणजे त्याचा त्यावर विश्वास आहे.

आता तो प्रसंग नीट बघ, कारण तुझ्या संहितेत नेमकं हेच नाही. तिजोरी रिकामी म्हणून वार्गास शहरात पक्षातल्या वरच्या लोपेससाहेबांकडे पैसे मागायला जातो. साहेब पैसे देत नाहीत. देतात दोन वस्तू: कायद्याचं पुस्तक आणि पिस्तूल. पुस्तकात बघून दंड लाव, वसूल झालं नाही तर पिस्तूल आहेच. बस. परतीच्या वाटेवर वार्गास बदललेला नसतो, त्याला फक्त सोय समजलेली असते. मग दंड, मग कर, मग कुंटणखान्याच्या मालकिणीकडून हप्ता, मग खून. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा वीतभरच खाली. त्यामुळे आपण नक्की कुठे हसायचं थांबलो, हे आपल्यालाही सांगता येत नाही.

तुझा जिल्हा परिषदेचा अध्यक्ष पहिल्याच पानावर लबाड आहे. पुढच्या शंभर पानांत त्याला जायला जागाच उरत नाही. त्याला आधी भला कर.

आणि विरोधी पक्षाच्या त्या मास्तरांना इतकं धुतल्या तांदळासारखं ठेवू नकोस. एस्त्रादाच्या गावात सत्ताधाऱ्यांना शिव्या घालणारा डॉक्टरही ढोंगी निघतो. पाद्री कबुलीजबाबाला पापागणिक पैसे घेतो. आलेला अमेरिकनही आपला वाटा काढतो. कुणालाच सूट नाही. सूट दिली की विनोद प्रचार होतो, आणि प्रचाराला पैसे मोजून कोण येतं?

आता नावाचं. त्या पक्षाला पिक्चरमध्ये काल्पनिक नाव नाही. तो सरळ पीआरआय आहे, चिन्हासकट. 1929 पासून वेगवेगळ्या नावांनी सलग सत्तेत असलेला, आणि पिक्चर बनत होता तेव्हाही सत्तेतच बसलेला पक्ष. मेक्सिकोत त्याआधी राजकारणावर पिक्चर झाले नव्हते असं नाही. क्रांतीनंतरच्या सत्ताधाऱ्यांवर बेतलेला 1960 चा ‘ला सोंब्रा देल काउदियो’ तीस वर्षं डब्यात होता, लोकांपुढे आला तो 1990 मध्ये. पण चालू सत्ताधारी पक्षाचं थेट नाव घेऊन त्याची अशी खिल्ली कुणी उडवली नव्हती. आणि गंमत अशी की पैसा बऱ्याच अंशी सरकारचाच होता. इम्सिने ही तिथली सरकारी चित्रपट संस्था निर्मितीत भागीदार होती.

1999 च्या अखेरीस, निवडणूक काही महिन्यांवर आलेली असताना, भागीदाराला जाग आली. अकापुल्कोच्या फ्रेंच चित्रपट महोत्सवातला खेळ रद्द करायचा प्रयत्न झाला. एस्त्रादा आणि कलाकारांनी आरडाओरडा केला, वर्तमानपत्रांनी तो उचलला, खेळ झाला. मग जे केलं, त्यासाठी हे पत्र लिहितोय. बंदी नाही घातली. डिसेंबरमध्ये दिग्दर्शकाला न विचारता पिक्चर घाईघाईने लावून टाकला. मेक्सिको सिटीत, मोजक्या पडद्यांवर, जाहिरात जवळजवळ नाहीच.

धंद्यातल्या माणसाला ही चाल लगेच कळते. बंदी घातली की पिक्चर हुतात्मा होतो. दोन पडद्यांवर गुपचूप लावला की आठवड्याने म्हणता येतं, ‘आम्ही तर लावला होता, पब्लिकच आलं नाही.’ आपल्याकडे तीच कला दुपारी बाराचा शो देऊन साधता येते. तिथे फसली, कारण एस्त्रादा गप्प बसला नाही आणि लोक रांगा लावून आले. संस्थेच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं, आणि प्रदर्शनाचे हक्क एस्त्रादाच्या हातात आले. फेब्रुवारी 2000 मध्ये पिक्चर नीट, देशभर लागला. त्या वर्षी मेक्सिकोचे आरिएल पुरस्कारही त्याने लुटले.

2 जुलै 2000 ला पीआरआय राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरला. 71 वर्षांनी. पिक्चरने सरकार पाडलं असं कुणी सांगितलं तर मान डोलाव आणि विषय बदल. 1994 च्या शेवटी तिथलं चलन, पेसो, कोसळलं होतं. निवडणूक यंत्रणा 1996 मध्ये सरकारच्या हातातून सुटली होती. 1997 मध्ये कनिष्ठ सभागृहातलं बहुमतही गेलं होतं. जमीन भुसभुशीत झालीच होती. पिक्चरने एवढंच केलं की जे लोक घरात बोलत होते, ते त्यांनी पहिल्यांदा अंधारात शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर हसत ऐकलं. तेही कमी नाही.

पुढची गोष्ट थोडक्यात. 2012 मध्ये पीआरआय परत आला, आणि एस्त्रादाही. 2014 चा ‘ला दिक्तादुरा परफेक्ता’ राजकारणी आणि टीव्ही चॅनल यांच्या संगनमतावर आहे. एका राज्यपालाची भानगड झाकायला चॅनल देशाला दुसरंच नाट्य पुरवतं. शीर्षक पेरूचा कादंबरीकार मारिओ व्हार्गास ल्योसा याच्या 1990 मधल्या उद्गारावरून आलंय. मेक्सिको ही ‘परिपूर्ण हुकूमशाही’ आहे, असं तो तेलेविसा या तिथल्या टीव्ही कंपनीवरून दाखवल्या जाणाऱ्या चर्चेत बोलून गेला होता. आणि पिक्चरमधलं चॅनल बघताना लोकांना आठवत होतं ते तेलेविसाच. तिच्याच गोटातली कंपनी आधी वितरण करणार होती. पिक्चर बघितल्यावर बाजूला झाली. एस्त्रादाने दुसरा वितरक धरला आणि 16 ऑक्टोबरला पिक्चर लावला. त्याआधी तीनच आठवडे इग्वाला शहरात आयोत्सिनापाच्या अध्यापक महाविद्यालयाचे 43 विद्यार्थी बेपत्ता झाले होते. त्या दिवसांत थिएटरात बसून हसणं कसं वाटलं असेल, याचा मी अजून विचार करतो.

2023 चा ‘के व्हिवा मेहिको!’ तीन तासांहून मोठा आहे, आणि मला तो जमला असं वाटत नाही. शहरात स्थिरावलेला माणूस वारशासाठी गावी जातो, आणि कॅमेरा सत्तेपेक्षा गावाकडच्या गरीब नातेवाइकांनाच जास्त चिमटे काढत राहतो. वर बघून हसणाऱ्या माणसाने खाली बघून हसायला सुरुवात केली की हात सुटतो. तुझ्या टँकरवाल्या प्रसंगातली ती घागरी घेतलेल्या बायकांची भांडाभांडी याच कारणासाठी परत लिही. तिथे हसू सभापतीवर यायला हवं, त्या बायकांवर नको.

तर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाव काल्पनिक ठेवलंस तरी चालेल, पण ते भीतीपोटी ठेवू नकोस. आपल्याकडे दर पाच वर्षांनी कोण कुठल्या पक्षात असेल हेच सांगता येत नाही. तुझ्या गोष्टीत खरं नाव टाकलंस तर पिक्चर लागेपर्यंत ते शिळं होईल. हे मला पटणारं कारण आहे. ‘कटकट नको’ हे नाही.

खरी घासाघीस कागदावर कर. निर्माता भला आहे म्हणतेस, असेलही. तरी करारात बघ: प्रदर्शनाची तारीख कोण ठरवणार, किमान किती स्क्रीन, पहिल्या आठवड्यात कुठले शो, आणि ठरलेल्या मुदतीत पिक्चर लागला नाही तर हक्क कुणाकडे परत येणार. लेखकाला यातलं सगळं मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण दिग्दर्शकाला सोबत घेऊन मागितलंस तर शेवटचं कलम मिळू शकतं. ‘ओटीटीवर तर जाईलच’ या वाक्यावर विसंबू नकोस. तिथेही पिक्चर लावून लपवता येतो.

सही करायच्या आधी कराराची प्रत माझ्याकडे पाठव. आणि दुसरा खर्डा पाठवशील तेव्हा पहिली तीस पानं पुरेत, अध्यक्ष भला झालाय का एवढंच बघायचंय.

तुझा,
काका