नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड.जेएस) लिहिलेल्या कमांड-लाइन टूलला प्रोग्रेस बार कसा लावायचा? कुठलं पॅकेज वापरू?

सीएलआय-प्रोग्रेस घ्या आणि मोकळे व्हा. एकूण आकडा आधी माहीत नसेल तर ओरा, म्हणजे नुसतं गरगरणारं चक्र. कोड त्यांच्या रीडमीत आहे, तो इथे चिकटवत नाही. प्रश्न वाचून जुनी जखम उघडली म्हणून लिहितोय.

काही वर्षांपूर्वी जुन्या डेटाबेसमधल्या सहा लाख नोंदी नव्यात नेणारी स्क्रिप्ट लिहिली होती. बार नव्हता, कारण आमच्या सीनियरचं म्हणणं, "असले नखरे कशाला? काम संपलं की प्रॉम्प्ट येतोच." एका सहकाऱ्याने रात्री ती चालवली, वीस मिनिटं लुकलुकणारा कर्सर बघत बसला आणि अडकली असं समजून कंट्रोल-सी मारून ती मध्येच तोडली. निम्म्याहून जास्त नोंदी नव्या डेटाबेसात जाऊन पोचल्या होत्या. नेमक्या कुठपर्यंत, ते कुणालाच ठाऊक नाही. पहाटेपर्यंत आयडी जुळवत बसलो.

दुसऱ्या दिवशी हट्टाने बार लावला, तोही हाताने: कॅरिज रिटर्न देऊन ओळीच्या सुरुवातीला यायचं, ठोकळे छापायचे, पुढे टक्के. दर नोंदीला एकदा. स्क्रिप्ट इतकी मंदावली की सीनियरना आयतं कोलीत मिळालं. "बघ, सांगत होतो!"

तेव्हा गप्प बसलो. नंतर कळलं की 2016 मध्ये नोडची पॅकेजं बसवणाऱ्या खुद्द एनपीएमची हीच फजिती झाली होती. बार बंद केला की इन्स्टॉल बरंच लवकर उरकायचं. दोष बारचा नाही, उठसूट ओळ रंगवण्याचा. मोजणी दर नोंदीला करा, रंगवा सेकंदाला दहादा. सीएलआय-प्रोग्रेस मुळातच तेवढं करतं. मी तसं केलं आणि वेळ पूर्वीइतका झाला. सीनियरना हे आजही पटलेलं नाही.

हाताने करणार असाल तर बार स्टँडर्ड एररवर, म्हणजे मुख्य आउटपुटपेक्षा वेगळ्या वाटेने, पाठवा, नाहीतर कुणीतरी आउटपुट फाइलमध्ये वळवेल आणि जेसन डेटाच्या मधोमध ठोकळे सापडतील. इज-टीटीवाय खोटं असेल, म्हणजे आउटपुट टर्मिनलवर जात नसेल, तर बार काढूच नका. ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या लॉगमध्ये त्या ओळी वाचायला कोण बसलंय? आणि काम संपेपर्यंत बाकी सगळं रोखून धरणारी रीड-फाइल-सिंकसारखी फंक्शनं वापरत असाल तर ओराचं चक्र जागीच थिजतं. नोडची कामं एकामागून एक चालवणारा इव्हेंट लूपच अडकल्यावर ते फिरणार कसं? त्यावरून पॅकेजला शिव्या देऊ नका.

हो, दोन-तीन सेकंदांच्या कामाला बार लावू नका, तो मात्र खरंच नखरा. शिवाय बार दिसत असला तरी लोक कंट्रोल-सी मारायचे ते मारतातच, म्हणून शेवटची आयडी फाइलमध्ये लिहीत जा. ही सूचना सीनियरचीच होती. त्या रात्रीच्या आधी केलेली, आणि मी ऐकली नव्हती.