फर्स्ट इयरपासूनच हाताने काहीतरी बनव

अरे, इलेक्ट्रॉनिक्स शिकतोयस तर थर्ड इयरच्या प्रोजेक्टची वाट बघत बसू नकोस, आत्ताच एक आर्डुइनो उनो R3 (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) घे आणि एलईडी पेटव. साधं वाटतं ना, पण बघ, पिनवर 5 व्होल्ट, त्यातले साधारण 2 व्होल्ट लाल एलईडी खातो, उरलेले 3 पडतात 220 ओहमच्या रेझिस्टरवर (करंट कमी करणारा भाग), म्हणजे करंट झाला 13-14 मिलिअँपिअर, आणि पिनचा करंट 20 च्या आत ठेवायचा असतो म्हणून तो रेझिस्टर. हे आधी कागदावर काढ, मग मल्टिमीटर सिरीजमध्ये (म्हणजे करंटच्या वाटेतच) लावून खरा आकडा बघ (करंट मोडमध्ये मीटर डायरेक्ट सप्लायला लावू नकोस हां, फ्यूज उडतो). आकडा थोडा वेगळा येणारच, तो का वेगळा आला हे शोधताना जे डोक्यात बसतं ते नुसत्या नोट्स वाचून बसत नाही, आणि इंटरव्ह्यूत पण हेच खोदून खोदून विचारतात.

एक वही ठेव, चुकलेलं रीडिंग खोडून टाकू नकोस, एक रेघ मार आणि बाजूला कारण लिही. ग्रुपमध्ये फक्त रिपोर्ट टाइप करणारा होऊ नकोस, सोल्डरिंग, टेस्टिंग मागून घे. रेडिमेड प्रोजेक्ट विकत आणणं तर अजिबात नको. आणि लॅबमध्ये मदतीला येऊ का, असं सरांना-मॅडमना बिनधास्त विचार.