बेदाणा म्हणायचं की किसमिस? 65 हजार भरायच्या आधी एवढं करून बघा

नमस्कार ताई, पत्र मिळालं. लेक बीए मराठीच्या शेवटच्या वर्षाला, तिला डिजिटल मार्केटिंगचा क्लास लावायचाय, फी 65 हजार, क्लासवाले म्हणतात शंभर टक्के प्लेसमेंट, तिचे बाबा म्हणतात गपचूप बीएड कर आणि तुम्ही मधल्या मध्ये अडकलाय. पण तुम्ही एक प्रश्न असा विचारलाय जो सहसा कुठले पालक विचारत नाहीत, की "ती सारखं कीवर्ड रिसर्च, कीवर्ड रिसर्च करते, पण दिवसभर ऑफिसात बसून नक्की करायचं काय असतं?" तिथूनच सुरू करते, फीचं नंतर बघू.

तुमच्या भावाचा तासगावात बेदाण्याचा धंदा आहे असं ओघात लिहिलंत ते बरं झालं. आता बघा, भाऊ म्हणणार बेदाणा, सौद्याला येणारे सगळे बेदाणाच म्हणणार, पण पुण्या-मुंबईत शिऱ्यात घालायला वाणसामान मागवणारी बाई म्हणते किसमिस नाहीतर मनुका, आणि गुगललाही ती तेच विचारणार. उद्या भावाने वेबसाइट काढली आणि सगळीकडे "उत्तम प्रतीचा बेदाणा" एवढंच लिहिलं तर येणार कोण, तर "आजचा बेदाणा बाजारभाव" बघणारा शेतकरी, ज्याचा स्वतःचाच माल कोल्ड स्टोरेजला पडलाय, त्याला काय डोंबल विकणार? "काळे मनुके खाण्याचे फायदे" शोधणारीला आत्ता वाचायचंय, घ्यायचं नाहीये. आणि "किसमिस 1 किलो किंमत" टाकणारा पैसे काढायच्या तयारीत बसलाय. कोण कुठल्या शब्दाने शोधतंय, का शोधतंय, किती जण शोधतायत आणि आपल्याला त्यातलं कोण हवंय हे काढायचं आणि एक्सेलमध्ये मांडायचं, बस, हेच ते काम. वर त्यात आपली बरीच माणसं मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, तेही प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, म्हणजे ती पण यादी करावी लागते.

यासाठी लागणारं बरंचसं फुकट आहे. गुगलमध्ये शब्द अर्धा टाकला की खाली सजेशन येतात ना, सुरुवात तिथून. मग गुगल ट्रेंड्स, तिथे कुठला शब्द कधी चढतो ते दिसतं, फक्त तिथला 100 म्हणजे 100 माणसं नव्हेत, निवडलेल्या काळातला सगळ्यात जास्त शोध म्हणजे 100 आणि बाकी सगळं त्याच्या हिशोबात. मग गुगलचाच कीवर्ड प्लॅनर, एखादा शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो ते सांगणारा, त्याला गुगल अ‍ॅड्सचं म्हणजे गुगलवर जाहिरात द्यायचं अकाउंट लागतं आणि जाहिरातीवर खर्च करत नसाल तर तो नेमका आकडा देत नाही, "100 ते 1 हजार" असा मोघम सांगतो. त्यात काँपिटिशन नावाचा एक कॉलम असतो, लो मीडियम हाय असं लिहिलेलं, आणि नवीन पोरं "लो आहे, म्हणजे लगेच पहिल्या पानावर येऊ" म्हणून खूश होतात. ती स्पर्धा जाहिरात देणाऱ्यांची असते, फुकटात वर येण्याची नाही! मी इंटरव्ह्यूला येणाऱ्यांना हे मुद्दाम विचारते आणि क्लास करून आलेली बरीच जण इथेच पडतात. एसईएमरश, एचरेफ्स वगैरे महागडी टूल्स आहेत, ती कंपनी घेऊन देते, लेकीने खिशातून घ्यायची गरज नाही.

आता लेकीबद्दल. बीए मराठी म्हणून कमी समजू नका. एकाच वस्तूला कोकणात काय म्हणतात, नागपुरात काय म्हणतात, म्हाताऱ्या बायका काय म्हणतात याचा कान ज्याला आहे त्याला इथे खरंच फायदा आहे. पण इंग्रजी सुधारावंच लागेल, क्लायंटचे मेल इंग्रजीतच असतात. आणि आकड्यांचा कंटाळा असेल तर मात्र हे काम नको, दिवसातले चार तास शीटमध्ये जातात.

एआय आल्यावर हे काम उरेल का, असं तुम्ही विचारलंय. खोटं नाही सांगत, "फायदे काय" टाइप प्रश्नांना आता गुगल वरच्या वर स्वतःच उत्तर देऊन टाकतं, भारतातही 2024 पासून, मग खालच्या साइटवर कशाला कोण जातंय. नुसत्या याद्या काढायचं कामही मशीन करतं. म्हणून नुसती यादी काढणारी होऊन चालणार नाही, भावाचा माल कोण घेतो हे कळणारी पाहिजे.

फीचं सांगते. आत्ता भरू नका. शंभर टक्के प्लेसमेंट कागदावर लिहून मागा, कुठल्या पदावर, किती पगारावर, नाही झालं तर पैसे परत का. मागच्या एका मुलाच्या वेळी मी हे विचारायला विसरले होते, त्याला प्लेसमेंट म्हणून कॉल सेंटर मिळालं, अजून त्याच्या आईसमोर जायला लाजते मी. बेसिक गोष्टी गुगल स्किलशॉप, हबस्पॉट अकॅडमी इथे फुकट शिकता येतात, आधी त्या करू दे. बीएडचा फॉर्म भरायचा तर भरून ठेवा, त्याने काही अडत नाही.

आणि एक महिना तिला मामाकडे पाठवा. दुकानात फोन येतात तेव्हा गिऱ्हाईक काय शब्द वापरतं ते वहीत जसंच्या तसं लिहायचं, हिरवा मागतात का पिवळा, बिया नको म्हणतात का, पाव किलो मागतात का पेटी. मग ते शब्द ट्रेंड्स आणि प्लॅनरला टाकून 50 ओळींची शीट करायची, प्रत्येक शब्दापुढे हा माणूस घेणारा, विकणारा की नुसता वाचणारा ते लिहायचं. पंधराव्या ओळीला कंटाळली तर तुमचे 65 हजार वाचले. पन्नास झाल्या आणि अजून दहा सुचतायत म्हणाली तर शीट मला पाठवा, मग कुठल्या एजन्सीत इंटर्नशिपला अर्ज करायचा ते आपण बसून ठरवू. मामाला सांगा, पोरीला महिन्याचे काहीतरी पैसे द्या, नुसता बेदाणा देऊन पाठवू नका.