अर्ध्या पुस्तकाला स्टार द्यायचे का?

प्रश्न: ताई, आमचा वाचनाचा ग्रुप आहे, सध्या काय वाचतोय ते सगळे सांगतात आणि पाचपैकी स्टार देतात. परवा एकाने 'कोसला'ची पन्नासेक पानं वाचून दोन स्टार दिले आणि जाम वाद झाला. असं रेटिंग चालतं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: नाही चालत, माझं स्पष्ट मत आहे. नेमाडेंची ही १९६३ची कादंबरी सुरुवातीला नुसती कॉलेज, होस्टेल, पुण्यातली टिवल्याबावल्या वाटते, पण पुढे नायक पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू येतो आणि तिथपासून आधीचं सगळं हसणंसुद्धा वेगळंच वाटायला लागतं, मग पन्नास पानांवर कसला निकाल देताय? सोडायचं तर खुशाल सोडा, फक्त 'इथे थांबलो, कारण अमुक' एवढं लिहा. ते स्टारपेक्षा उपयोगी, खरंच.

आणि सगळ्यांना एकच पट्टी लावू नका. 'बनगरवाडी' छोटीशी कादंबरी, माणदेशातल्या धनगरवाडीत आलेला कोवळा मास्तर आणि शेवटी दुष्काळाने ओस पडणारी वाडी, तिच्यात वेगवान प्लॉट नाही म्हणून स्टार कापणं मला पटत नाही, माझे तिला पाच! बेडेकरांचं 'रणांगण' मात्र जहाजावरची प्रेमकथा म्हणून घेतलंत तर हादराल, त्यातली नायिका हर्टा जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी आहे आणि पुस्तक १९३९चं.

ग्रुपवर एवढंच ठरवा, स्टारसोबत दोन ओळी हव्यातच. आणि त्या दोन स्टारवाल्यांना पुढची पानं वाचायला सांगा, भांडू नका.