सगळं ऐकणारं माणूस आहे, तरी एकटं का वाटतं?

“मैत्रिणीला रोज तासभर फोनवर सगळं सांगते. फोन ठेवला की आणखीच एकटं वाटतं.” इंग्रजी घेऊन एम.ए. करणाऱ्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या, समुपदेशनाला आलेल्या मुलीची ही तक्रार. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अभ्यासाला कार्सन मॅकलर्स यांची १९४० ची ‘द हार्ट इज अ लोनली हंटर’ ही कादंबरी होती. “मला सिंगरसारखं कुणीतरी हवं,” ती म्हणाली.

कादंबरीतला जॉन सिंगर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गिरणगावात राहतो. कर्णबधिर, चांदीवर कोरीवकाम करणारा. संगीतवेडी मिक, दारूत बुडालेला कामगारांचा कैवारी जेक, कृष्णवर्णीय डॉक्टर कोपलंड आणि कॅफेवाला बिफ त्याच्याकडे मन मोकळं करतात. याला सगळं कळतं, अशी खात्री बाळगून. एकदा चौघंही त्याच्या खोलीत एकाच वेळी येतात, तेव्हा आपापसांत बोलायला त्यांना काही सुचत नाही.

“मग सिंगर कुणाशी बोलतो?” तिला विचारलं.

उत्तर तिला ठाऊक होतं. मनोरुग्णालयात ठेवलेल्या अँटोनापोलोस या मित्राला तो पत्रं लिहितो, पण टाकत नाही. मित्राला वाचता येत नाही. “आमच्या दोघांत काहीतरी गुपित आहे असं जेकला वाटतं, पण ते काय, हे मला कळत नाही,” असंही तो त्यात लिहितो. मित्र वारल्याचं कळल्यावर सिंगर स्वतःवर गोळी झाडतो. त्याच्या मनात काय चाललंय, हे चौघांपैकी कुणी फारसं विचारलेलंच नसतं.

इथे तिला सरळ विचारलं, जगणं नकोसं वाटतं का? या प्रश्नाने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘नाही’ आलं. ‘हो’ आलं असतं तर मानसोपचारतज्ज्ञ आधी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

मग कागद दिला: मैत्रिणीच्या या आठवड्यातल्या दहा गोष्टी लिही. दोनच लिहून झाल्या.

पुढच्या फोनला पहिली दहा मिनिटं मैत्रिणीची. एक प्रश्न, आणि दुसरा तिच्या उत्तरातूनच निघालेला. सल्ला नाही, “माझंही तसंच झालं” नाही. बहुतेकांचं इथेच घसरतं, कारण आपली गोष्ट जोडली की बोलणं पुन्हा आपल्याकडे वळतं. ठरवून प्रश्न विचारले की चौकशी वाटते, म्हणून कारण आधीच सांगायचं: “मी नेहमी माझंच सांगत बसते, आज तुझं ऐकायचंय.”

पहिल्या फोनला मैत्रीण “काही नाही गं” म्हणाली. तिसऱ्याला म्हणाली, वडिलांची नोकरी जाऊन चार महिने झाले.